पटेपर्यंत : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’

‘स्वतःच्या अटींवर जगणे’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत तसा अलीकडचा. आपल्या आजीच्या पिढीत अशा मुलाला ‘मनाचा राजा’ म्हणत, आणि तसे म्हणताना तिच्या कपाळावर एक बारीक आठी उमटत असे. आज ती आठी गेली आहे. धर्मग्रामातील मार्गदर्शन शिबिरांत, लग्नाच्या स्वागतसमारंभातील भाषणांत, परदेशी निघालेल्या तरुणाच्या निरोपाच्या मिस्सेनंतर रंगणाऱ्या गप्पांत हे शब्द अभिमानाने उच्चारले जातात. रेल्वे स्थानकावरील पुस्तकांच्या दुकानांत आत्मविकासाच्या पुस्तकांची थप्पी लागलेली असते आणि ती पुस्तके खपतातही. त्यांतील काही मी वाचली आहेत. वेळेचे नियोजन, निश्चय, भीतीवर मात यांविषयी ती जे सांगतात ते अगदीच टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्या पुस्तकांतला माणूस मला नेहमी एकटा वाटतो. त्याला आईबाप असलेच तर अडथळा म्हणून असतात. बायको, मुले, सासू, शेजार, देणेघेणे यांतले काहीच त्याच्या वाटेत फारसे येत नाही. मोकळ्या माळरानावर घर बांधायला निघालेल्या माणसाचा तो नकाशा असतो. आपण सारे मात्र आधीच गजबजलेल्या वाड्यात जन्मलेलो असतो.

म्हणून या विषयावर कोणी पुस्तक सुचवा म्हटले, तर मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सुचवतो. लहानपणी शाळेचे तोंड न पाहिलेल्या, अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या बाईने उतारवयात आपल्या आठवणी लिहिल्या. त्या प्रथम ‘संजीवनी’मधून क्रमशः आल्या आणि १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. चौथा भाग बाहेर पडला तेव्हा लक्ष्मीबाई हयात नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले होते. योगायोग असा की, आज जगभर पसरलेल्या आत्मविकासाच्या पुस्तकांचे मूळपुरुष म्हणता येतील त्या डेल कार्नेगी यांचे मित्र जोडण्याच्या कलेवरील प्रसिद्ध पुस्तकही १९३६ सालीच निघाले. दोन्ही पुस्तके आजही छापली जातात. त्यांतले कोणते अधिक खपते हे सांगायला नको.

आपल्या कॅथलिक घरांत टिळकांचे नाव परके नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रोटेस्टंट परंपरेतले. तरी त्यांची भजने आपल्या देवळांतूनही गाइली जातात आणि ती गाताना कोणाच्या मनात पंथभेद येत नाही. ‘स्मृतिचित्रां’चे मात्र आपण एक ठरीव वाचन करत आलो आहोत. त्या वाचनात टिळकांना प्रकाश दिसतो, अजाण पत्नी रूढीपायी पाच वर्षे मागे राहते, आणि अखेर तिचेही डोळे उघडतात. ई. जोसेफाइन इंकस्टर यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, तो १९५० साली ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने प्रसिद्ध झाला. म्हणजे ‘मी मागून येते’. या नावातही तेच वाचन दडलेले आहे. मला ते मान्य नाही. ‘स्मृतिचित्रे’ हे मागून जाणाऱ्या बाईचे पुस्तक असते, तर ते इतके दिवस टिकले नसते. हे पुस्तक आहे न पटलेली गोष्ट पटेपर्यंत न स्वीकारणाऱ्या बाईचे, आणि पटल्यावर मात्र क्षणभरही न थांबणाऱ्या बाईचे.

पुस्तकाची सुरुवातच पाहावी. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. १८५७ च्या उठावानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना, गोखल्यांना, सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारा जिन्नस धुतल्यावाचून आत येईना. बायकामुलांचे आयुष्य पाण्यात भिजत आणि थंडीत कुडकुडत गेले. हा भाग वाचताना हसू येते, आणि पान उलटल्यावर त्या हसण्याची लाज वाटते. गोखलेही स्वतःच्याच अटींवर जगत होते, असे म्हटले तर ते चूक ठरणार नाही. त्यांनी आपल्या भीतीला नियमाचे रूप दिले आणि तो नियम साऱ्या घराला लावला. एका माणसाचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या अंगावर कसे येऊन पडते, याचा पहिला धडा लेखिकेने असा बापाच्या घरी घेतला. दुसरा धडा नवऱ्याच्या घरी मिळायचा होता.

टिळक हे सर्वार्थाने मनस्वी पुरुष. कवी, वक्ते, दाते. कोणाचे दुःख दिसले की घरातले उचलून देणारे, कोणाला न सांगता घराबाहेर पडणारे, आज नाशिक तर उद्या नागपूर अशी वणवण करणारे. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका अपरिचित गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी स्नानसंस्कार घेतला. आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून माणसाने काय करावे, याचा हा थोर नमुना आहे. कोणताही धर्मगुरू प्रवचनात तो सांगेल, मीही सांगितला आहे. लक्ष्मीबाई ही थोरवी कुठेही नाकारत नाहीत. त्यांच्या पानापानातून टिळकांविषयीचे प्रेम आणि आदर ओसंडतो. पण त्या एक गोष्ट करतात, जी टिळकांचे चरित्र लिहिणाऱ्या इतर कोणाला जमली नसती. त्या दिवशी घरी काय झाले, ते त्या सांगतात. लहानग्या दत्तूला पोटाशी धरून बसलेली, वेड लागायची पाळी आलेली एक तरुण स्त्री त्या आपल्याला दाखवतात. तिला कोणी विचारले नव्हते. तिचे कपाळ पुसले गेले नव्हते, पण समाजाच्या लेखी तिचा नवरा मेल्यात जमा होता. सवाष्ण म्हणून तिला बोलवायचे की विधवा म्हणून टाळायचे, हे शेजारणींनाही ठरवता येत नसावे.

या पुस्तकाचा गाभा पुढल्या पाच वर्षांत आहे असे मला वाटते, आणि आपण नेमकी तीच पाने भरभर उलटतो.

त्या वर्षांत लक्ष्मीबाईंपुढे दोन सोप्या वाटा होत्या. एक, नवऱ्याकडे जाऊन त्याचा धर्म घ्यावा; संसार परत मिळाला असता, मुलाला बाप मिळाला असता, विरह संपला असता. दुसरी, नवरा नाहीच असे समजून माहेरच्यांच्या आधाराने, पंढरपूरच्या वारकऱ्यांत मन रमवून आयुष्य काढावे. समाजाने तिला पुण्यवान ठरवले असते. त्या बहिणीच्या घरी राहिल्या, पंढरपुरात राहिल्या, टिळकांची पत्रे वाचून रडल्या, भांडल्या, त्याच दुःखातून त्यांना कविता सुचू लागली. पण दोन्ही वाटांवर त्यांनी पाय ठेवला नाही. नवरा हवा होता म्हणून देव बदलायचा नाही, आणि देव बदलायचा नाही म्हणून नवरा टाकायचा नाही. वाचताना हे हट्टासारखे वाटते. हा हट्टच आहे, पण त्यात प्रामाणिकपणाखेरीज दुसरे काही नाही.

लोयोलाच्या संत इग्नेशियस यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधने’त विवेकाचे जे नियम दिले आहेत, त्यांतला एक सेमिनरीत आम्हांला पुनःपुन्हा शिकवला जाई. मन उजाड झालेले असताना मोठा निर्णय बदलू नये. उजाडपणा ओसरू द्यावा, मग पाहावे. लक्ष्मीबाईंनी इग्नेशियसचे नावही ऐकले नसेल. पण त्या पाच वर्षांत त्या अगदी त्याच नियमाने वागल्या. एकटेपणाच्या भरात त्या ख्रिस्ताकडे गेल्या असत्या तर त्यांना नवरा मिळाला असता. ख्रिस्त मिळाला असता की नाही, कोण जाणे.

पुढे त्या नगरला टिळकांजवळ राहायला गेल्या, त्याही आपल्या सोवळ्यासकट. चूल वेगळी, पाणी वेगळे. एका छपराखाली दोन धर्म, मध्ये एक मूल, आणि त्या दोन चुलींमधले विनोद लेखिकेने अशा खुबीने रंगवले आहेत की, वाचणाऱ्याला तो संसार डोळ्यांसमोर दिसतो. आणि मग तो प्रसंग येतो. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाई स्वतःलाच घालतात. देवाने माणसामाणसात असा काही भेद ठेवलेला दिसतो का, याचा त्या आपल्या साध्या बुद्धीने शोध घेतात आणि उत्तर मिळताच तिथल्या तिथे ठरवतात की, आजपासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे. ज्या घरात त्या वाढल्या ते घर आठवावे, म्हणजे या एका निर्णयाचे वजन कळेल. वडिलांच्या भीतीचे ओझे लेकीने त्या दिवशी उतरवून ठेवले. कोणा मिशनऱ्याच्या व्याख्यानाने नाही, टिळकांच्या युक्तिवादानेही नाही. टिळकांनी तो युक्तिवाद आधी कितीदा केला असेल! तो तिच्या कानांवर पडत राहिला. उत्तर मात्र तिने स्वतः शोधले. १९०० साली त्यांनी स्नानसंस्कार घेतला. पुस्तकात त्या विधीपेक्षा त्याच्या आधीच्या झगड्याला कितीतरी अधिक जागा आहे, आणि लेखिकेचा तो तोल मला योग्य वाटतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. श्रद्धेचा होकार हा मुक्तच असला पाहिजे, कोणावर तो लादता येत नाही, ही गोष्ट ख्रिस्तसभेने त्यात निःसंदिग्धपणे मांडली. आम्ही तो दस्तऐवज वर्गात अभ्यासला, परीक्षेत त्यावर प्रश्न आले, उत्तरे लिहिली. धर्मग्रामात आल्यावर मात्र ही गोष्ट किती अवघड आहे ते कळते. सेमिनरीत गेलेला मुलगा चार वर्षांनी परत येतो, तेव्हा त्या घराचे दार काही दिवस अर्धेच उघडे असते. पाहुणे विषय टाळतात, आई मिस्सेला मागच्या बाकावर बसू लागते. मुलाने फसवणूक केलेली नसते; पाचारण आपले नाही हे त्याला समजलेले असते, आणि ते सांगण्याचे धैर्य त्याने दाखवलेले असते. उलट बाजूही आहे. मुलगी म्हणते, मला धर्मभगिनी व्हायचे आहे. आणि रोज जपमाळ करणारे घर एकाएकी तिच्या शिक्षणाचा खर्च मोजू लागते. आपल्याला आपल्या मुलांचा होकार हवा असतो, पण तो आपल्याला सोयीच्या वेळी आणि सोयीच्या प्रश्नाला. टिळकांनी निदान वाट पाहिली, एवढे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. ज्या माणसाने स्वतःचा निर्णय कोणासाठी थांबवला नाही, त्याने बायकोच्या निर्णयासाठी पाच वर्षे दम धरला.

आता थोडे लेखनाविषयी. मराठीतील स्त्रियांच्या आत्मकथनांत ‘स्मृतिचित्रां’च्या आधीचे गाजलेले पुस्तक म्हणजे रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, १९१० सालचे. सुंदर पुस्तक आहे. न्यायमूर्तींनी पत्नीला लिहायला-वाचायला शिकवले, घरातल्या बायकांचे टोमणे तिने सोसले, आणि ती घडली. पण रमाबाई आपल्या पतीचा उल्लेख करतात तो ‘स्वतः’ या शब्दाने. त्या काळच्या घरंदाज रीतीप्रमाणे ते अगदी स्वाभाविक होते. तरी आज वाचताना मी या शब्दापाशी अडखळतो. जिथे ‘स्वतः’ म्हणजे नवरा, तिथे बायकोच्या स्वतःला शब्द कोणता उरला? लक्ष्मीबाई सरळ ‘टिळक’ म्हणतात. आडनावाने, जसे एखाद्या तिऱ्हाइताविषयी किंवा एखाद्या मोठ्या लेखकाविषयी बोलावे तसे. त्या एका शब्दाने नवरा-बायकोत हातभर अंतर पडते, आणि त्या अंतरात उभे राहून त्या त्यांच्याकडे पाहू शकतात, हसू शकतात, रागावू शकतात. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८४) हे आपल्याकडील धर्मांतराचे गाजलेले आत्मचरित्र. त्यात शोधक बुद्धी आहे, वाद आहेत, ग्रंथांचे वाचन आहे. लक्ष्मीबाईंकडे ग्रंथ नव्हते. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या आणि पुढेही आपल्या ख्रिस्ती वडीलधाऱ्यांशी धर्मतत्त्वांवरून वाद घालत राहिल्या, पण त्यांच्यामागे संस्कृत विद्येचे बळ होते. लक्ष्मीबाईंपाशी होते ते डोळे, कान आणि नाशिककडच्या बायकांची बोली.

या बोलीमुळेच बहुधा, अनेक वाचक लक्ष्मीबाईंना ‘भाबड्या’ ठरवून मोकळे होतात. हे विशेषण मला खटकते. भाबडी बाई स्वतःची फजिती इतक्या बेतशीर सांगू शकत नाही. घरखर्चाला पैसे नसताना टिळक भलतीच वस्तू घेऊन येतात किंवा आहे ते कोणाला तरी देऊन मोकळे होतात, तेव्हा लेखिका रागाचा एक शब्द लिहीत नाही. फक्त डब्यात काय उरले होते ते सांगते. न्याय वाचकाने करायचा. टीका करायची नाही, तक्रार करायची नाही, आणि तरीही काही लपवायचे नाही, ही किमया भाबडेपणाने साधत नाही. बालकवी ठोंबरे यांचे चित्रही असेच. नगरला ते टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. निसर्गाचे गोडवे गाणाऱ्या त्या कवीचे रुसवेफुगवे, भूक आणि लहर लक्ष्मीबाईंनी जवळून पाहिली. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. बालकवींविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. पण त्यांना जेवायला वाढणाऱ्या हाताने लिहिलेले हे असे एकच.

पुस्तकात उणेही आहे. ख्रिस्त आपल्याला नेमका कोण झाला, प्रार्थनेत काय घडले, याविषयी लक्ष्मीबाई मितभाषी आहेत. जातीचा विचार त्या पायरीपायरीने उलगडतात. श्रद्धेचा तितका नाही. आपल्या वाचकाला ही उणीव जाणवेल. तिची भरपाई व्हायची तर ‘ख्रिस्तायना’कडे जावे लागते. टिळकांनी हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र आरंभले आणि आरंभीचे काही अध्याय लिहून ते गेले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून काव्य पूर्ण केले. १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा वारसा सांगणाऱ्या आपण कॅथलिकांनी या काव्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते. नवऱ्याच्या नावे सुरू झालेले काम बायकोने पुरे केले, एवढेच आपण सांगतो. त्यातले किती काम कोणाचे, याचा हिशेब करत नाही.

१९१७ साली टिळकांनी पुन्हा एकदा सारे सोडले. मिशनची नोकरी आणि पगार टाकून त्यांनी संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ उभारला आणि बिऱ्हाड साताऱ्याला हलले. १८९५ ची पुनरावृत्तीच म्हणायची. फरक इतकाच की, या वेळी लक्ष्मीबाई दुसऱ्या होत्या. घाबरून माहेरी जाणारी ती तरुणी आता उरली नव्हती. दरम्यानच्या काळात त्या परिचारिकेचे काम शिकल्या होत्या, कविता लिहीत होत्या, आल्यागेल्यांचे आणि पोरक्या पोरांचे घर चालवत होत्या. त्या टिळकांबरोबर निघाल्या, वाटेत कुरकुरल्या, आणि हिशेबही ठेवला. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळक वारले. त्यानंतर सतरा वर्षे लक्ष्मीबाई जगल्या, आणि ज्यांच्यामुळे आज आपण त्यांना ओळखतो ती दोन्ही कामे, ‘ख्रिस्तायन’ आणि ‘स्मृतिचित्रे’, त्या सतरा वर्षांतली आहेत.

ज्या घरांतली मुले आता मराठी सहज वाचत नाहीत, त्यांच्यासाठी शांता गोखले यांचा २०१७ साली आलेला इंग्रजी अनुवाद आहे. त्याच्या उपशीर्षकात लक्ष्मीबाईंना तेजस्वी पत्नी म्हटले आहे. मागून येणारीपेक्षा हे बरे, जरी ‘पत्नी’ हा शब्द काही सुटत नाही. पण जिथे आजी-आजोबा अजून घरात आहेत, तिथे मूळ मराठी पुस्तकच संध्याकाळी मोठ्याने वाचावे. सगळे जमले नाही तर नगरच्या दोन चुलींची प्रकरणे तरी वाचावीत. आजींना हसू आवरणार नाही, आणि हसता हसता त्या आपल्या सासरच्या चुलीविषयी असे काही सांगतील की, जे आजवर कोणी त्यांना विचारलेले नसते.